हिवतापाचा परजीवी आणि आदिजीवांची उत्क्रांती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा राज्यातील हिवतापाच्या रुग्णसंख्येत अनेक वर्षे मोठा वाटा राहिला आहे. भामरागड, एटापल्लीसारख्या वनव्याप्त तालुक्यांत आढळणाऱ्या प्लास्मोडियम फाल्सिपॅरम या आदिजीवास आपण वर्गात ‘एकपेशीय प्राणी’ म्हणूनच शिकवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही ओळख अपुरी आहे.

१९९० च्या दशकात या परजीवीच्या पेशीतील, चार पटलांनी वेढलेले एक रंगहीन लवक ओळखले गेले. त्यास एपिकोप्लास्ट म्हणतात. या परजीवीच्या प्राचीन पूर्वजाने तांबडे शैवाल गिळले, ते न पचता पेशीतच स्थिरावले. परजीवी जीवनात प्रकाशसंश्लेषण लोपले, लवक मात्र उरले. सिडनी बंदरातील प्रवाळातून मिळालेला व २००८ मध्ये वर्णन केलेला क्रोमेरा वेलिया हा प्रकाशसंश्लेषी आप्त या मतास पुष्टी देतो.

लवक टिकले, कारण आयसोप्रिनॉइड संयुगे तेथेच तयार होतात. त्यांवाचून रक्तातील परजीवी जगत नाही. लवकांचे मूळ सायनोबॅक्टेरियात असल्याने येथील प्रथिननिर्मिती जीवाणूंसारखी चालते. म्हणूनच डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन ही जीवाणूविरोधी औषधे हिवतापावरही चालतात. त्यांचा परिणाम मात्र परजीवीच्या पुढील पिढीत दिसतो. त्यामुळे उपचारात ती शीघ्र परिणामी औषधांच्या जोडीनेच दिली जातात.