एका लुगड्याची गोधडी

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट कापड. त्याचा पन्हा साधारण चार फुटांचा. आता हे लुगडं जमिनीवर पसरा आणि सहा-सहा फुटांवर दुमडत जा. चार घड्या बसतात आणि तीन फुटांचा तुकडा उरतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब, चार पदरी: एका माणसाला पांघरायला पुरेल अशी गोधडी तयार होते आणि वर थिगळं कापायला कापडही हाताशी राहतं. कुठे जोड द्यावा लागत नाही, कातरीचं काम जवळजवळ नाहीच. हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. घरोघरीच्या गोधड्या साधारण एकाच मापाच्या का असतात, याचं उत्तर लुगड्याच्या पन्ह्यात दडलेलं होतं. सहावारी साडी घेतली तर तीन पदर निघतात. मग आजोबांचं धोतर चौथा पदर होतं.

पुढचं नवल काठाचं. लुगड्याचा काठ अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो, म्हणून बाकीचं कापड विरलं तरी काठ टिकतो. गोधडीला सगळ्यात जास्त ओढ कुठे बसते? कडेला. झोपेत आपण कड धरूनच ती अंगावर ओढतो, धुताना पिळतो कडेला धरून, दोरीवर टाकतो तेव्हाही हात कडेलाच. म्हणून लुगड्याचा काठ गोधडीच्या कडेला येतो. शोभेसाठी तर येतोच, पण मुळात तिथे तोच टिकणार असतो. विरलेल्या भागावर दुसरा विरलेला भाग येऊ द्यायचा नाही, हेही पदर पसरतानाच पाहिलं जातं. लुगडं बसायच्या जागी आधी झिजतं. ती जागा हाताने चाचपून वरच्या पदराखाली जरा सरकवतात. हे कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही. हात फिरला की कळतं.

चेणे गाव घोडबंदर रस्त्यावर, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतं. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. रस्त्यावर ट्रकांची रांग कधी तुटत नाही, पण आत वळलं की झाडी सुरू होते आणि पौषातल्या पहाटे डोंगराकडून येणारा गारवा शहरातल्या माणसाला खोटा वाटेल इतका बोचरा असतो. इथल्या एका ओटीवर मी गोधडीचं काम जवळून पाहिलं. दोन पिढ्यांच्या चार बायका चार बाजूंना बसल्या होत्या आणि मध्ये कच्च्या टाक्यांनी धरलेलं कापड. घरची आजी शेजारच्या सुनेला सांगत होती, “टाका बारीक घाल गं, नाहीतर पोरांच्या पायाचा अंगठा अडकतो त्याच्यात.” मी आजवर बारीक टाका म्हणजे कारागिरीची हौस समजत होतो. झोपलेल्या पोराचा अंगठा हे त्याचं माप असेल असं मनातही आलं नव्हतं.

हा टाका म्हणजे धावदोरा. सुई वर, सुई खाली, बस्स. शिवणकामात याहून साधा टाका नाही, आणि याच साधेपणावर सगळी इमारत उभी आहे. चार बाय सहाच्या गोधडीत अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर ओळींची एकूण लांबी 576 फूट भरते. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांच्या वर टाके होतात. चौघींत वाटले तरी एकेकीच्या वाट्याला पाच हजार. बोटाला अंगुस्तान, दोऱ्याला मेण, आणि तोंडाने गप्पा चालू.

इतके टाके घालायचे कशाला? जुनं कापड एकदा फाटायला लागलं की फाटतच जातं, कारण सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि ते टोक पुढे पळत राहतं. गोधडीत ते टोक फार तर अर्धा इंच पळतं, मग त्याला दोऱ्याची ओळ आडवी येते आणि ताण खालच्या तीन पदरांत वाटला जातो. एकेकटं धरलं तर हाताने टरकावता येईल असं कापड, चार पदर आणि वीस हजार टाके मिळून वर्षानुवर्षं आपटून धुतलं तरी टिकतं. यंत्राचा घट्ट टाका विरलेल्या कापडाला जाचतो. ओढ बसली की टिपेच्या रेषेवरच कापड सुटतं. हातचा धावदोरा मात्र जरासा सरकतो, कापडाला हलायला जागा देतो.

ऊब कुठून येते तेही याच टाक्यांत आहे. दोरा किंचित ओढला की दोन ओळींमधलं कापड फुगतं आणि पदरांच्या मध्ये हवा अडकते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार हळू वाहून नेते. पाण्याच्या तुलनेत वीस पटींहून हळू. अंगाला ऊब मिळते ती या हवेमुळे, कापड फक्त तिला धरून ठेवतं. म्हणूनच दमट गोधडी गार लागते: हवेच्या जागी पाणी शिरलेलं असतं. खाडीकाठच्या हवेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. ऊन दाखवलं की गोधडी पुन्हा फुलते, आणि दसरा काढताना गावोगाव सगळ्या गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर धुवून दिवसभर कडक उन्हात टाकतात त्यातही हाच गुण आहे. पाऊस सरलेला, ऊन तापलेलं आणि थंडी अजून दूर. याहून चांगला मुहूर्त नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात. बाळाची लहान गोधडी ती दुपटं. बाळाला जुन्याच कापडाचं दुपटं का, तर वर्षानुवर्षं धुवून त्यातली खळ केव्हाच गेलेली असते आणि धागा मऊ पडलेला असतो. नव्या कापडाला तो मऊपणा पैसे मोजूनही येत नाही. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या जोडलेली गोधडी असायची आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूनही ओळखत. ज्या वस्तूला आपण गरिबीची खूण समजलो, ती त्यांनी उघडपणे अंगावर मिरवली.

शिवायची रीतही पाहण्यासारखी असते. पाश्चात्त्य पद्धतीत रजई बहुधा मधून शिवायला घेतात आणि सुरकुत्या कडेकडे ढकलत नेतात. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या उलट चालतात: कडेपासून सुरुवात, चौकोनात चौकोन घालत आत. वास्तविक असं केलं की सैल कापड मध्यभागी साचून फुगवटा यायला हवा. तो येत नाही, कारण जाणती बाई प्रत्येक ओळीत कणभर सैलपणा चुणीत जिरवत येते. मध्याला पोचेपर्यंत जिरवायला काही उरतच नाही.

हीच रीत कारवारच्या बाजूला सिद्दी बायकांच्या हातांत फार उंच गेली आहे. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांतले काही पळून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात वसले. कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. थिगळं आधी कापून, मांडून ठेवत नाहीत. कडेने शिवत निघायचं, पुढे जे रंगीत कापड हाताला लागेल ते ठेवायचं, त्याची कड सुईच्या टोकाने आत दुमडायची आणि तसंच पुढे जायचं. आधी रेखाटलेला आराखडा नाही, तरी शेवटी रंग एकमेकांना बरोबर हाक देतात. चार कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची छोटी तिकोनी फुलं बसवली की कवंद पुरा होतो. फुलं नसलेला कवंद उघडा, असं त्या बायका मानतात. या फुलाला ना ऊब, ना मजबुती. वीस हजार टाके घालून दमलेला हात शेवटी चार टाके निव्वळ आनंदासाठी घालतो, आणि मला तर सगळ्या गोधडीत तीच जागा सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने 2004 साली सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये त्यांच्या कवंदांचं प्रदर्शन भरलं, आणि आता अमेरिका-युरोपातल्या हौशी मैत्रिणी घरच्या टेबलाशी बसून ही रीत शिकतात.

अमेरिकेतच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. नदीच्या वळणात अडकलेली, एकेकाळच्या गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बायकांनीही फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. मिसूरी पेटवे या बाईने 1942 साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली. मदतीला मुलगी बसली होती. 2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी आपल्याकडेही घराघरात निघते. आजीचं लुगडं नातीच्या अंगावर येतं. मध्ये दोन महासागर असताना दोन्हीकडच्या बायकांना हे आपलं आपण सुचलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आपल्या गोधड्यांकडे या नजरेने पाहणारं कुणी नाही असंही नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक देखणं पुस्तक केलं. ते फ्रान्समधल्या प्रकाशनाने छापलं. मराठी घरात मात्र अजून गोधडी माळ्यावर किंवा गादीखाली.

चेण्याच्या त्या गोधडीचा एक कोपरा मी बोटाने चाचपून पाहिला. आजीकडून आलेली ओळ बारीक, एकसारखी, बोटाखाली जवळजवळ न लागणारी. वळणावर सुनेची ओळ सुरू होते तिथे टाका एकदम लांबतो, दोन-तीनदा वाकडा जातो आणि वीतभर पुढे गेल्यावर हळूहळू सावरतो. त्या वीतभर जागेत कुणीतरी शिकलं, ते कापडावर कायमचं उमटून राहिलं. एकट्या हाताने शिवलेल्या गोधडीत हे दिसत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गोधडी एकटीनेही होते, पण खरी रंगते ती चौघींत. हात कामात असले की बोलणंही सैल होतं. समोरासमोर बसून जे विचारता येत नाही ते मान खाली घालून, टाका घालता घालता विचारलं जातं.

यात पुरुषांनी बसू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याला सुई धरता येते तो बसला.

करून पाहायची असेल तर फार काही लागत नाही. कपाटातल्या तीन-चार जुन्या सुती साड्या काढा. सिंथेटिक नको, ती घाम शोषत नाही आणि टाक्यावरून घसरते. धुवून, खळ काढून, कडक वाळवा. जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ताणा, हातभर अंतरावर कच्चे टाके घाला, म्हणजे पदर सरकणार नाहीत. पहिल्यांदा करताना मोठी नको, बाळाच्या दुपट्याएवढी पुरे. दोन मैत्रिणींना बोलवा, शेजारच्या आजींना आवर्जून बोलवा. मृगाच्या आधी हातात घ्या, म्हणजे पाऊस लागायच्या आत वाळवून ठेवता येईल. आणि एक विनंती. आपल्या घरांतल्या जुन्या गोधड्या कुणी शिवल्या हे त्यांच्यावर कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यात, शिवायला बसलेल्या प्रत्येकीचं नाव आणि साल रंगीत दोऱ्याने घाला.