दोन मारवेल

मारवेल हे काळ्या जमिनीच्या बांधावरचे आणि गायरानातले नावाजलेले वैरणीचे गवत. नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रस्त्याने सिन्नरकडे निघाले की घाटमाथ्याचा पाऊस मागे राहतो आणि मारवेलचा खरा मुलूख सुरू होतो. पण शेतकरी ज्याला सरसकट मारवेल म्हणतो, त्यात एकाहून जास्त जाती असतात. सर्वांत परिचित डायकॅन्थियम अ‍ॅन्युलेटम. फॉर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाच्या १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इजिप्तमधल्या नमुन्यावरून तिची नोंद झाली. तिच्याशी हमखास गल्लत होते ती डायकॅन्थियम अ‍ॅरिस्टेटमची.

दोन्ही बहुवर्षायू. दोघींच्या तुऱ्यात बोटांसारखी पसरलेली जांभळट कणसे, आणि कणसात जोडीजोडीने कणिशके: बिनदेठाच्या कणिशकाला कुसळ, देठाचे बोडके. अ‍ॅन्युलेटमच्या पेरांभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते आणि बहुतेकांची नजर तिथेच जाते. ही खूण मात्र फसवी, कारण अ‍ॅरिस्टेटमच्या पेरांवरही केस आढळतात. खात्रीची जागा वर आहे. कणसांच्या लगेच खालचा दांडा अ‍ॅन्युलेटममध्ये गुळगुळीत असतो, अ‍ॅरिस्टेटममध्ये लवदार. साधे भिंग पुरते. अडचण एवढीच की तुरा येईपर्यंत थांबावे लागते.

आणि तुरा दोघींचा एका वेळी येत नाही. अ‍ॅन्युलेटम पावसाळ्यातच फुलू लागते. अ‍ॅरिस्टेटम दिवस लहान होण्याची वाट पाहते. जमिनीच्या बाबतीत अ‍ॅन्युलेटम जास्त सोशिक: अवर्षण, चराई, थोडाफार खारेपणाही चालतो. भारी, पाणी धरणाऱ्या चिकणमातीत अ‍ॅरिस्टेटम अधिक रमते. दोन्ही गवते चाऱ्यासाठी अमेरिकेत गेली. टेक्सासात अ‍ॅन्युलेटमला क्लेबर्ग आणि अ‍ॅरिस्टेटमला अँगल्टन हे नाव चिकटले, आणि आता तिथल्या मूळच्या गवतांवर कुरघोडी करणारी म्हणून ती ओळखली जातात. घरचे गुणी गवत परक्या माळावर तण ठरते, ते असे.

अ‍ॅन्युलेटमचे बरेच प्रकार फलनाशिवाय बी धरतात. त्यामुळे एका ठोंबाचे रूप पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उतरते आणि शेजारचा ठोंब वेगळाच दिसू शकतो. ओळख पटवताना हे डोकेदुखीचे. वाण निवडणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते, कारण चांगला ठोंब सापडला की त्याचे गुण बियाण्यातून टिकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल ०६-४०’ हा वाण याच जातीतला.

वैरणीसाठी कापणी फुलोऱ्याच्या सुमारास करावी. उशीर झाला की काड्या निबर होतात आणि कस उतरतो. ज्या बांधावर दोन्ही मारवेल मिसळलेले असतात, तिथे म्हणूनच एकच कापणी दोघांना सोयीची पडत नाही.