मार्गशीर्षातील पहाट, रेडिओ आणि श्रद्धा



डिसेंबर महिना आला म्हणजे आपल्या घरांत तीन पंचांगे एकाच वेळी चालू होतात. भिंतीवरचे वर्ष संपत आलेले असते. देवघरात मार्गशीर्षाचे गुरुवार चाललेले असतात. आणि क्रीडांगणावर क्रिकेटचा हंगाम ऐन भरास आलेला असतो. आज मला यंत्राविषयी, खेळाविषयी आणि श्रद्धेविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. हे तीन विषय एका भाषणात बसावयाचे कसे, अशी शंका कोणास येईल. परंतु ह्या तिहींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही तिच्यावर माणसाने विश्वास केव्हा ठेवावा, आणि किती ठेवावा, हा तो प्रश्न होय. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व पुढे आयुष्यभर मुलांना भूगोल व गणित शिकविलेला मास्तर आहे. तेव्हा माझे विवेचन वर्गातल्या विवेचनासारखेच साधे असेल.

१९७७ सालच्या डिसेंबरात भारताचा क्रिकेट-संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. मी तेव्हा साताऱ्यास घरी होतो. मेलबर्नची घड्याळे त्या ऋतूत आपल्या घड्याळांपेक्षा साडेपाच तास पुढे असतात. म्हणून तिकडे सकाळी अकरा वाजता खेळ सुरू झाला की इकडे पहाटेचे साडेपाच झालेले असत. धुंधुरमास चालू असल्यामुळे आमच्या घरी त्या सुमारास चूल पेटलेली असे. सूर्योदयाला नैवेद्य दाखवावयाचा म्हणून मुगाची खिचडी व बाजरीची भाकरी सिद्ध होत असे, आणि एका कोपऱ्यात ट्रान्झिस्टरला कान लावून मी लघुलहरींवर ऑस्ट्रेलियाचे केंद्र शोधीत असे. देवघरातून आजीचे स्तोत्र आणि कोपऱ्यातून इंग्रजी धावते वर्णन, असे दोन्ही आवाज त्या अंधारात एकत्र नांदत. एकाने दुसऱ्यास गप्प बसविल्याचे मला आठवत नाही. आवाज मात्र मला बेताचा ठेवावा लागे.

मेलबर्न मुंबईहून जवळजवळ दहा हजार किलोमीटर दूर. तेथील आवाज साताऱ्याच्या स्वयंपाकघरात यावयाचा कसा? रेडिओच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या. त्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी तर गोल. मग सरळ जाणारी लहर क्षितिजापाशी जमीन सोडून आकाशात निघून जावयास हवी. ही शंका माझी नव्हे. शतकापूर्वीच्या मोठमोठ्या पंडितांची होती. मार्कोनी ह्या इटालियन तरुणाने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश धाडण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा पुष्कळांनी हेच उत्तर दिले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील पोल्धू आणि न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स ह्या दोन स्थळांत सुमारे ३४०० किलोमीटरांचे अंतर आहे. त्यांना जोडणारी सरळ रेषा मनाने काढली, तर मधोमध समुद्राचा फुगवटा तिच्यावर दोनशे किलोमीटरांहून अधिक उंच येतो. इतक्या उंच पाण्याच्या डोंगरापलीकडे लहर उतरणार कशी?

१९०१ सालच्या डिसेंबरची १२ तारीख. सेंट जॉन्स येथे सोसाट्याचा वारा सुटलेला. पतंगाच्या साह्याने तार आकाशात चढविलेली. आणि मार्कोनी कानाशी श्रवणयंत्र लावून बसलेला. पलीकडून ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके पुनःपुन्हा धाडले जात होते, आणि ते तीन टिक्‌टिक् आवाज आपण ऐकले, असे त्याने जाहीर केले. ह्या प्रसंगी त्याने वापरलेल्या पाऱ्याच्या लहरीशोधकासारखीच रचना आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावयास हरकत नाही.

परंतु खरी शिकवण ह्यापुढेच आहे. मार्कोनीने ऐकले ते केवळ कानांनी. त्याचा लेखी पुरावा नव्हता. वादळी हवेच्या खरखरीतून त्याला भास झाला असेल, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. मार्कोनी त्यांच्याशी भांडत बसला नाही. १९०२ च्या फेब्रुवारीत तो जहाजात बसून इंग्लंडपासून दूर दूर जात राहिला आणि येणारे संदेश त्याने यंत्राकडून कागदी फितीवर उमटवून घेतले. दिवसापेक्षा रात्री लहरी कितीतरी लांब पोहोचतात, हेही त्याच प्रवासात त्याच्या ध्यानात आले. आपल्या विश्वासाला त्याने स्वतः होऊन परीक्षेस बसविले, हे त्याचे मोठेपण.

लहर मात्र वाकली कशाने, हे कोडे उरलेच. १९०२ सालीच अमेरिकेत केनेली व इंग्लंडात हेविसाइड ह्या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, असे अनुमान केले की वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्वाहक असा एक थर असला पाहिजे. तो थर कोणी पाहिला नव्हता. पुढे बावीस वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात, ॲपलटन ह्या संशोधकाने बार्नेट नामक सहकाऱ्यासह बोर्नमथच्या केंद्रावरून निघालेल्या लहरी ऑक्सफर्डला पकडल्या, आणि जमिनीवरून सरळ आलेली लहर व वरून परतलेली लहर ह्यांच्या मेळाचे मोजमाप करून त्या थराची उंची काढली. ती शंभर किलोमीटरांच्या आसपास भरली. ह्या कार्याबद्दल ॲपलटनला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा थर म्हणजे काय? सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांच्या माऱ्याने उंचावरील विरळ हवेच्या कणांतून विद्युत्कण सुटे होतात. अशा सुट्या कणांचे थर सुमारे साठ किलोमीटरांपासून कित्येकशे किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले आहेत. लघुलहर तेथे पोहोचली की हळूहळू वळते व खाली परत येते. समुद्रावर आपटून पुन्हा वर जाते, पुन्हा वळते. भिंतीवर व जमिनीवर आलटून पालटून आपटणाऱ्या रबरी चेंडूची कल्पना करा. मेलबर्नचा आवाज अशा तीन-चार उड्या मारीत साताऱ्यास पोहोचत असे. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींस साह्य करीत, कधी एकमेकींस मारून टाकीत. म्हणून ऐन मोक्याच्या क्षणी आवाज बुडे व थोड्या वेळाने पुन्हा वर येई. पूर्वेकडे उजाडू लागले की सूर्यप्रकाशाने थरांची घडण बदले व ऐकू येणारे केंद्रही हातचे निसटे. खिचडी पानात पडण्याची वेळ नेमकी तीच!

एक गमतीचा हिशेब सांगतो. रेडिओ-लहर सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर जाते. म्हणजे दहा हजार किलोमीटरांस तिला एक तीसांश सेकंद पुरतो. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. तेव्हा ध्वनिग्राहक खेळपट्टीजवळ ठेवलेला असेल, तर बॅटीचा ठोका शंभर मीटरांवर बसलेल्या मेलबर्नच्या प्रेक्षकाच्या आधी साताऱ्याच्या श्रोत्यास ऐकू यावा! हे गणित मी दरवर्षी वर्गात घालीत असे, आणि ते सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर जो अविश्वास उमटे तो पाहण्यासारखा असे. मी त्यांस म्हणे, “विश्वास ठेवू नका, पुन्हा भागाकार करा.”

आता श्रद्धेकडे वळू. आमचे काका सामना चालू असता एका विशिष्ट खुर्चीवर बसत. ते उठले आणि बळी पडला, असे दोनदा घडले. तेव्हापासून त्यांस पाणी प्यावयासही कोणी उठू देईना. असे काका घरोघर आहेत, आणि कोट्यवधी रुपयांची यंत्रे आली तरी ती खुर्ची काही गेलेली नाही. परंतु विचार करा: आपला रेडिओ ऐकणारा आहे, बोलणारा नव्हे. मेलबर्नहून साताऱ्यास लहर येते. साताऱ्याच्या खुर्चीवरून मेलबर्नला काहीच जात नाही. काका जितक्या वेळा उठले व बळी पडला नाही, तितक्या वेळा ते कोणी मोजले नाही. जी समजूत आपल्या बाजूचे दाखले जपून ठेवते व विरुद्ध बाजूचे विसरून जाते, ती अंधश्रद्धा. तिला परीक्षेची भीती वाटते.

आमची आजी गुरुवारचे व्रत नेमाने करी. आपला संघ जिंकावा म्हणून देवाजवळ माग, असा आग्रह मी तिला एकदा केला. ती म्हणाली, “तिकडची मुलेही कोणाची तरी मुलेच ना? देवाने कोणाचे ऐकावे?” तिच्या श्रद्धेने तिला देवाकडून सामने जिंकून घ्यावयास शिकविले नव्हते, पहाटे उठावयास, नेम पाळावयास आणि परक्याच्या मुलाचा विचार करावयास शिकविले होते. ही खरी श्रद्धा होय.

त्या मालिकेत भारताने पहिले दोन्ही कसोटी सामने थोडक्यात गमावले होते. तिसरा सामना ३० डिसेंबर १९७७ रोजी मेलबर्न येथे सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचे अनेक नामवंत खेळाडू त्या वर्षी पॅकर यांच्या निराळ्या सामन्यांत गेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. ही कसोटी भारताने २२२ धावांनी जिंकली. दुसऱ्या डावात सुनील गावसकर यांनी शतक काढले. आणि भागवत चंद्रशेखर यांनी पहिल्या डावात ५२ धावांत सहा, दुसऱ्या डावातही नेमके ५२ धावांतच सहा, असे बारा बळी घेतले.

चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने वाळला होता. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील, स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी मारतो. त्या मेल्या की स्नायू उपासमार झाल्यासारखा सुकत जातो. क्षेत्ररक्षण करताना चंद्रशेखर चेंडू डाव्या हाताने फेकीत; परंतु गोलंदाजी करीत ती ह्याच वाळलेल्या उजव्या हाताने. ५८ कसोटी सामन्यांत त्यांनी २४२ बळी मिळविले. आजीला क्रिकेटचे काही कळत नसे, पण त्या दिवसांत स्तोत्र संपले की ती विचारी, “त्या हात वाळलेल्या मुलाने आज काय केले?”

पुढे मास्तर झाल्यावर ही हकीकत मी वर्गात सांगत असे. एके वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. पोलिओने त्याचा एक पाय अधू झालेला होता. त्याने विचारले, “सर, मीही चंद्रशेखर होईन का?” वर्ग स्तब्ध झाला. होशील, असे म्हणणे सोपे होते, आणि ते ऐकून मुलगा त्या दिवशी आनंदलाही असता. मी म्हणालो, “ते मला सांगता येणार नाही. चंद्रशेखर एकच झाला, आणि धडधाकट लाखो मुलांपैकीही कोणी झाला नाही. पण तुझा हात काय करू शकतो, हे तू अजून पाहिलेले नाहीस. ते पाहावयाचे असेल तर उद्या मधल्या सुट्टीत मैदानावर ये.” तो आला. धाव न घेता, एका जागी उभा राहून, तो चेंडू टाकू लागला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. तो नामांकित खेळाडू झाला नाही. परंतु वर्गाच्या सामन्यांत त्याची फिरकी खेळावयास मुले बिचकू लागली, आणि संघ निवडताना त्याचे नाव कोणी दयेपोटी घेईनासे झाले. नाव घेतले जाई ते गरजेपोटी.

स्फूर्ती म्हणतात ती मला एवढीच दिसते. दुसऱ्याचे यश आपल्याही पदरी पडेल, असे आश्वासन ती देत नाही. आपली परीक्षा घेऊन पाहण्याचे धैर्य देते. मार्कोनीने जहाजावर जे केले तेच ह्या मुलाने शाळेच्या मैदानावर केले.

ऑस्ट्रेलियाच्या त्या केंद्राचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाले. आज सामना आपण मोबाईलवर पाहतो. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. परंतु एक चमत्कार तुमच्या ध्यानात आला असेल. शेजारच्या घरात जल्लोष होतो, आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचे लहान लहान तुकडे करतात, ते अनेक यंत्रांतून पाठवितात, आणि खंड पडू नये म्हणून त्यांतील काही आपल्या यंत्रात आधी साठवून मग दाखवितात. त्यामुळे आपण पाहतो तो क्षण कित्येक सेकंदांपूर्वीचा असतो. डोळ्यांसमोर दिसते तेच आत्ताचे व तेच खरे, हाही अखेर एक भाबडा विश्वासच ठरतो!

नवे यंत्र वाईट, असे माझे म्हणणे नाही; तसे म्हणणारा मास्तर मुलांच्या उपयोगाचा नव्हे. म्हणणे एवढेच की यंत्र कसे चालते हे घरात कोणीतरी विचारावे. ह्या महिन्यात घरची मंडळी सामना पाहावयास एकत्र बसतील तेव्हा मुलांना सांगा की शेजाऱ्याच्या आरोळीपासून आपल्या पडद्यावर बळी पडेपर्यंत सेकंद मोजा. काका खुर्चीवरून उठले तर उठू द्या, आणि प्रत्येक वेळी काय होते तेही वहीत लिहून ठेवा. आजीचा नेम चालू असेल तर आवाज थोडा कमी करा. वही भरली की काकांनाच वाचावयास द्या. पाहू या, ते खुर्ची सोडतात की वही!