ओळख झाली म्हणजे

चैत्र महिन्यातली पहाट असते. रामटेक-पारशिवनीकडच्या गावांतून बायामाणसं टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. जमिनीवर पिवळट फुलांचा सडा पडलेला असतो. वाकायचं, वेचायचं, टोपली भरायची आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं आहे.

आता आम्ही तुम्हाला एक गोष्ट विचारतो. रात्री त्या झाडावर कोण येऊन गेलं?

वटवाघळं येऊन गेली. फळं खाणारी मोठी वटवाघळं. मोहाची गोड फुलं त्यांना फार आवडतात. फुलं खाताना फुलातली भुकटी त्यांच्या तोंडाला आणि अंगाला लागते. ह्या भुकटीला पराग म्हणतात. वटवाघूळ मग दुसऱ्या मोहावर जातं. तिथल्या फुलाला हा पराग लागतो, तेव्हा फळ धरतं. पुढे फळं पिकली की वटवाघूळ तीही खातं आणि बी दूर नेऊन टाकतं. तिथं नवा मोह उगवतो.

म्हणजे पाहा, ज्या मोहाखाली आपण टोपली भरतो, तो मोह उगवण्यात ह्या रात्रपाळीच्या मजुराचाही हात असतो. काल आपण त्याला उलटं लटकणारं, अशुभ पाखरू म्हणत होतो. खरं तर ते पाखरूही नाही. ते पिलांना दूध पाजतं. आज ते आपलं सोबती वाटू लागलं. झाड तेच आहे आणि वटवाघूळही तेच. आपण फक्त एक प्रश्न विचारला.

असे प्रश्न विचारण्यात एका माणसानं सारं आयुष्य घालवलं. त्यांचं नाव मारुती चितमपल्ली. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापूरला झाला. ते जंगल खात्यात अधिकारी झाले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत त्यांनी नोकरी केली आणि नंतर पुष्कळ वर्षं ते नागपुरात राहिले.

ते शिकलेले होते, साहेब होते. पण जंगलात गेल्यावर त्यांनी साहेबपणा बाजूला ठेवला. गोंड, कोरकू, माडिया लोकांजवळ बसून ते विचारत, ‘दादा, ह्या पाखराला तुमच्याकडे काय म्हणतात? हे घरटं कधी बांधतं? हे झाड कशाच्या कामी येतं?’ नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार ह्यांना तिथलं तळं आणि जंगल तळहातासारखं ठाऊक होतं. त्यांच्याकडूनही चितमपल्ली पुष्कळ शिकले. ऐकलेलं आणि पाहिलेलं ते लिहून ठेवत. त्यातून त्यांची पुस्तकं झाली. त्यांनी पक्ष्यांचा कोशही तयार केला. कावळ्यांच्या वसतीला त्यांनी ‘काकागार’ असा शब्द दिला आणि बगळ्यांच्या वसतीला ‘सारंगागार’. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते वारले.

ह्यातली ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही, की एवढ्या मोठ्या माणसाचे पुष्कळसे गुरू खेड्यात आणि पाड्यावर राहणारे होते. त्यांतल्या कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

आता आपल्या गोठ्यात येऊ. पांढऱ्या, चपट्या तोंडाचं एक घुबड कधी कधी गोठ्यात किंवा जुन्या वाड्यात राहतं. त्याला गव्हाणी घुबड म्हणतात. ते ओरडलं की घरात म्हणतात, ‘आता काहीतरी वाईट होणार.’ मग पोरं दगड मारतात. पण ते तिथं का राहतं, हे कुणी विचारतं का? ते उंदरांसाठी राहतं. त्याचे कान इतके तिखट असतात, की अंधारात उंदराची नुसती खसफस ऐकून ते त्याला पकडतं. पिलं असली म्हणजे एका रात्रीत कितीतरी उंदीर घरट्यात येतात. आपल्या कोठीतलं धान्य राखणारा हा फुकटचा राखणदार. त्याला आपण दगड मारतो!

धामणीचंही तसंच. धामण लांबलचक असते, सळसळत जाते. पाहणाऱ्याला नाग वाटतो आणि काठी पडते. धामणीला विष नसतं. ती उंदीर खाते. आपल्याकडे माणसाला धोक्याचे विषारी साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. ते ओळखायला शिकावं. ओळख पटत नसेल तर जवळ जाऊ नये, लांब व्हावं. आणि साप चावलाच तर मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवू नये. माणसाला लगेच सरकारी दवाखान्यात न्यावं. विषावरचं औषध तिथं मिळतं.

कुणी म्हणेल, ‘हे सारं ठीक आहे. पण आमच्या धुऱ्यावर वाघ फिरतो, त्याचं काय?’

हे म्हणणं खोटं नाही. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे, उमरेडकडे कऱ्हांडल्याचं. शहरातले लोक पैसे भरून, गाडीत बसून तिथं वाघ पाहायला येतात. जंगलाकाठच्या माणसाला तो न बोलावता भेटतो. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना विदर्भात माणसं मेली आहेत. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला वाघाचं कौतुक सांगायला आम्ही आलो नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की ज्याच्या शेजारी राहायचं आहे, त्याची रीत माहीत हवी.

वाघ बहुधा मागून येतो. खाली वाकलेला माणूस त्याला एखाद्या जनावरासारखा दिसू शकतो. म्हणून मोहाला एकट्यानं, अंधारात जाऊ नये. चांगलं उजाडल्यावर चार-पाच जणांनी मिळून, बोलत बोलत जावं. वाकण्याआधी आजूबाजूला पाहून घ्यावं.

जंगलही आपल्याला सांगत असतं. वानर झाडावर उंच बसतं. त्याला लांबचं दिसतं. वानर पानं-फळं खाली टाकतं, ती खायला चितळ झाडाखाली येतात. चितळाचं नाक तिखट असतं. वाघ किंवा बिबट आला की वानर ‘खक् खक्’ करून ओरडतं. चितळ शेपटी वर करून हाक देतं. एक दुसऱ्याला सावध करतो. ही बोली ज्याला कळते, तो माणूस हाक ऐकून तिथंच थांबतो आणि मागे फिरतो. हाक आली नाही म्हणजे वाघ नाहीच, असं मात्र समजू नये.

अशी ही ओळख. ती झाली म्हणजे उगाच वाटणारी भीती जाते आणि जिथं भ्यायला हवं, तिथं माणूस शहाणपणानं भितो. रान परकं राहत नाही. परक्याच्या घराला आग लागली तर माणूस उभा राहून पाहतो. ओळखीच्या घरासाठी तो घागर घेऊन धावतो. रानाचंही तसंच आहे.

आता शेवटचं. गावात एखादी आजी असते, एखादा म्हातारा गुराखी असतो. कोणतं पाखरू कधी येतं, कोणतं जनावर कुठं पाणी पितं, हे त्यांना माहीत असतं. त्यांनी ते कुठंही लिहिलेलं नाही. ती माणसं गेली म्हणजे ही विद्याही जाईल. पण तुम्हाला आता लिहिता येतं!

एक वही करा. आजीजवळ बसा आणि विचारा. पाखराचं नाव लिहा. पावश्याचा ‘पेर्ते व्हा’ ह्या वर्षी पहिल्यांदा कोणत्या दिवशी ऐकू आला, ती तारीख लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. दोन्ही तारखा ताडून पाहा. मग नवा प्रश्न सुचेल. अक्षर वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही. जे पाहिलं, तेच लिहा.