आधी गोंडी, तीही देवनागरीत

शिक्षक घडवण्याचं काम तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरच्या परिसराला नवं नाही. शेजारच्या जैनूर मंडलातल्या मारलवाई या गोंड खेड्यात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३मध्ये शिक्षक प्रशिक्षण केंद्र निघालं. शिकायला आले ते गोंड तरुणच. मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली, लिपी मात्र देवनागरी. या भागात मराठी रुळलेलीच होती. पुढे इथे अधिकारी असलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडीचं व्याकरणही लिहिलं. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याचा याहून चांगला धडा कोणता?

इथे आज मुलांसाठी उन्हाळी वर्ग भरवले, तर त्यांनाही कलेसाठी लांब जायला नको. आदिलाबादच्या ढोकरा ओतकामाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तर मारलवाईच्याच कनक राजूंना गोंडांच्या गुसाडी नृत्यासाठी २०२१मध्ये पद्मश्री.