पेडल वर आलं म्हणून
अकोला ते अमरावती या वाटेवर जुन्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा होतच नाही. सपाट मुलूख, सरळ रस्ता. पुढे ट्रॅक्टर आडवा आला की एकदा पाय दाबायचा, मग कितीतरी वेळ ड्रम निवांत गार होत राहतो. त्यामुळे चारही चाकांना ड्रम असलेली प्रीमियर पद्मिनी काय किंवा फक्त मागे ड्रम असलेली मारुती 800 काय, ‘ब्रेक ठीक आहे’ या समजुतीवर वर्षानुवर्षं चालते. हीच गाडी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरू लागली की हिशेब फिरतो. उंचीतला फरक साधारण 700 मीटर. माणसांसकट गाडीचं वजन 1,100 किलो धरलं, तर हा उतार म्हणजे ताशी 60 किलोमीटरने धावणारी गाडी जवळपास 50 वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा. त्यातला मोठा वाटा इंजिन उचलू शकतं, पण गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तरच. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे महाभाग जवळजवळ सगळा भार ब्रेकवर टाकतात.

ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो. थंड असतानाच दोघांत जास्त फट असेल, तर घाटात पेडल फळीला टेकायला वेळ लागत नाही. यावर ठरलेलं उत्तर असतं: दोनदा पाय मारला की पेडल वर येतं ना! येतं, कारण पहिल्या दाबात शू फट ओलांडण्यातच खर्ची पडतात आणि ते मागे सरकायच्या आत दुसरा दाब पडतो. म्हणजे ज्याला आपण दिलासा मानतो, तोच फट वाढल्याचा पुरावा असतो. (पेडल स्पंजासारखं लागत असेल, तर मात्र संशय लाइनमधल्या हवेवर घ्यावा.) हँडब्रेकची केबल ताणून हा ढिलेपणा झाकणं त्याहून वाईट. मागचे शू अर्धवट उघडे राहून घासतात, तापतात, आणि पुढच्या चाकांची फट तशीच राहते.

म्हणून तपासणी चाकापाशीच करावी लागते. बाकीच्या चाकांना अडण लावून, गाडी स्टँडवर टेकवून, हँडब्रेक पूर्ण सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळायचा, पेडल एकदा जोरात दाबून शू मध्यावर बसवायचे, पुन्हा आवळून पाहायचं आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्यायचा. हलकी खसखस चालते. दर फेऱ्याला एकाच जागी चाक अडत असेल तर ड्रम वाकडा आहे. तिथे पाना कामाचा नाही, लेथ हवा किंवा नवा ड्रम. व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर ब्रेक ऑइल पाझरतंय. सिलिंडर दुरुस्त करायचा, आणि ऑइल पिऊन बसलेले शू पेट्रोलने धुऊन परत बसवायचे नाहीत. ड्रममधली धूळ फुंकू किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावी.

नंतरच्या गाड्यांत शू आपोआप सेट होतात, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण ती खाच-दात्यांची यंत्रणा पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलाने आणि गंजाने जाम झाली, की तसं सांगणारा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही. ड्रम काढल्यावरच ते कळतं. सेटिंग झाल्यावर ब्रेक फारसा न वापरता चार-पाच किलोमीटर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात न्यावा. एखादाच जास्त तापला असेल, तर त्याच चाकाचा अ‍ॅडजस्टर एक दाता ढिला करावा, आणि तरीही तापलाच तर सिलिंडर अडकलाय का ते पाहावं.