जालन्यात गुलाबी, महाबळेश्वरात निळा

हायड्रेंजियाच्या एकाच झाडाच्या दोन फांद्या घ्या. एक महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत रुजवा, दुसरी जालन्याच्या काळ्या रानात. दोन्ही जगल्या (जालन्यातलं जगणं सोपं नाही, त्याकडे येतोच), तर घाटावरची निळ्याकडे झुकेल आणि इथली गुलाबी फुलेल. झाड तेच, रंगद्रव्यही तेच, डेल्फिनिडिन जातीचं. फरक ॲल्युमिनियमचा. मुळांनी ते मातीतून ओढून फुलापर्यंत पोचवलं की रंगद्रव्य त्याला धरून निळं होतं. नाहीतर गुलाबीच राहतं. म्हणजे आम्ल मातीत निळा, चुनखडीच्या मातीत गुलाबी. शाळेतल्या लिटमसच्या बरोबर उलट!

मग जालन्याच्या मातीत ॲल्युमिनियम नाही की काय? भरपूर आहे. काळ्या मातीला चिकटपणा देणारं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज घडलंय त्यातूनच. पण सामू साडेसात-आठवर गेला की ते जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांच्या दृष्टीनं नसल्यातच जमा.

गंमत अशी की या दोन्ही माती एकाच खडकाच्या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हारसाचा बेसाल्ट इथेही आहे, तिथेही. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. अशा पावसानं युगानुयुगं खडकातला चुना आणि सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तोच जांभा. जालन्यात पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यानं कॅल्शियम वाहून जात नाही, खालच्या थरात चुनखडीचे खडे होऊन बसतं. कुठे किती पाणी पडत आलं, ते हायड्रेंजिया रंगातून सांगतो.

इथल्या मोसंबीवाल्यांनी हायड्रेंजिया पाहिला नसेल, पण हे दुखणं त्यांना चांगलं ठाऊक आहे. चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, झाडाला मिळत नाही; म्हणून फेरस सल्फेट पानांवरच फवारायचं. हायड्रेंजियाची पानंही इथे अशीच पिवळी पडतात.

म्हणून तो जमिनीत लावूच नये. मोठी कुंडी, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा. जागा घराच्या पूर्वेची: सकाळचं कोवळं ऊन, पुढे सावली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी पानं माना टाकतातच. लगेच पाणी ओतू नका, मातीत बोट घालून बघा. ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. बोअरच्या पाण्यातून चुना पुन्हा कुंडीत येतो, त्यामुळे छपरावरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनंच.

निळा हवा असेल तर औषध घरातच आहे: गढूळ पाण्यात फिरवतो ती तुरटी. तिच्यात ॲल्युमिनियम असतं, आणि ती माती आम्लही करते. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा विरघळवून, कळ्या धरायच्या आधीपासून पंधरवड्यानं द्यावी. जास्त झाली तर मुळं करपतात. उमललेल्या फुलाचा रंग मात्र आता बदलणार नाही. डीएपी लांब ठेवा, त्यातला फॉस्फरस ॲल्युमिनियमला बांधून टाकतो. पांढऱ्या वाणावर तुरटी वाया जाते, तिथे रंगद्रव्यच नसतं. आणि हो, आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नव्हेतच. इतर फुलांत कळीला झाकणारी हिरवी दलं असतात, तीच इथे रंगून मोठी झालेली. म्हणून तर गुच्छ आठवडेच्या आठवडे टिकतो.

छाटणी फुलं सुकल्याबरोबर करावी. पुढचा बहर जुन्या फांद्यांवर येतो, त्यामुळे थंडीत कात्री चालवली तर कळ्याच जातात. कळी धरायला सलग काही आठवडे गारवाही लागतो. जालन्यात थंडी आखडती राहिली, तर त्या वर्षी नुसती पानंच. तेव्हा तुरटी पाण्याच्या पिंपातच फिरवावी.